अर्ध्या तासात दुरुस्त होणारी मोटर

माझ्या हाताला यश आहे, असं आमच्या सेक्शनमध्ये सगळे म्हणत. बंद पडलेला पंखा, अडलेली शिलाई मशीन, शेजाऱ्याची खोकणारी लुना, काहीही आणून माझ्यापुढे ठेवलं की मी ते चालू करून देई. तोवर ठीक होतं. पुढे मीही तसं म्हणायला लागलो, आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. मी जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहत होतो आणि कारखान्यात लेथवर काम करत होतो. माझं गाव वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याच्या खाली. आईवडील तिथं, थोडं धानाचं शेत तिथं, त्यामुळे सुटी मिळाली की मी गावी पळायचो. गावाकडे आणखी एक ओढ होती, ती म्हणजे नदी, आणि नदीवर काकाजी.

काकाजी म्हणजे आमच्या गावचे ढिवर. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. नात्याचे नव्हते, पण लहानपणापासून मी त्यांना काकाजीच म्हणत आलो. पावसाळ्यात ते डोंग्यानं लोकांना पैलतीरी नेत आणि एरवी मासे धरत. गळ कुठं टाकायचा, कुठल्या डोहात शिंगाळा बसतो, हे मला त्यांनीच शिकवलं. शिंगाळा म्हणजे लांब मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. पाठीवरचा काटा हातात घुसला तर माणूस दिवसभर आईचं नाव घेत बसतो. चवीला मात्र तोड नाही.

नागपूरला भंगारवाल्याकडे मला नावेला लावायची एक मोटर दिसली. पाच हॉर्सपॉवरची, दोरी ओढून सुरू करायची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायची. रंग उडालेला, झाकण पिचकलेलं. मी ती घेतलीच. एसटीच्या टपावर टाकून आणली आणि क्वार्टरच्या मागं पाण्यानं भरलेल्या ड्रमात उभी करून महिनाभर तिच्याशी झटलो. बायको म्हणायची, "घरच्या नळाचा वायसर बदलाले टाइम नाई, न नदीले मोटर लावून राहिले." मोटर सुरू झाली त्या दिवशी क्वार्टरांची सारी लाइन बघायला आली. मग तर मी जमिनीवर राहिलोच नाही.

त्या मोटरीची एक खोड होती. पाण्यातला पंखा ज्या दांड्यावर बसतो, तिथं पितळेची एक बारीकशी पिन असते. कशाला जरा ठोकर लागली की ती पिन तुटायची आणि पंखा मोकळा व्हायचा. गावच्या घाटावर दोनदा चालवून पाहिली, दोनदा पिन तुटली. मला राग आला. बनवणाऱ्यानं काय माल वापरलाय, म्हणालो. आणि कारखान्यात लेथवर चांगल्या कडक पोलादाची, अंगचोर पितळेच्या दुप्पट ताकदीची पिन घडवून बसवली. फार समाधान झालं होतं मला ती बसवताना.

त्याच हिवाळ्यात काकाजींच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा सानगडीचा, शाळेत शिपाई, पर्मनंट. काकाजींच्या घरात सरकारी पगाराचा जावई येणं ही काही लहान गोष्ट नव्हती. मुलगीही तशीच होती. सातवी पास, सावळी, ताठ चालणारी, आणि मोठ्यांसमोर बोलायला न भिणारी. मुलाचा मामा आमच्याच सेक्शनचा सुपरवायझर निघाला. काकाजींनी मला सांगून ठेवलं होतं, "भाऊ, तुमी एक शब्द टाका." मी टाकला. "घर चांगलं आहे साहेब, माणूस सोन्यासारखा आहे," असं मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "तू म्हणतोस तर मी स्वतः जातो बघायला." म्हणजे हे स्थळ जुळत आणण्यातही माझा हात होता.

पाहुण्यांच्या जेवणाला मासा हवा होता. ढिवराच्या घरी पोरगी बघायला आलेल्या माणसाला बाजारातून आणलेला मासा वाढायचा, म्हणजे बापाला आता नदी ओळखत नाही असा अर्थ व्हायचा. मासा बापानं धरलेला हवा, आणि तो ताटात वाढला जाताना बाप समोर हवा. काकाजी आदल्या संध्याकाळी जवळच्या डोहात गळ टाकून मोकळे होणार होते. तिथं मिळेल ते मिळेल. मी म्हणालो, "काकाजी, खालच्या मोठ्या डोहाले जाऊ न. मोटर आहे. पहाटे निघू, दहाच्या आत घरी. आठ-दहा किलोचा शिंगाळा पाहून पाहुन्याचे डोळे फाटले पायजे."

खालचा डोह गावापासून दोन कोस. डोंग्यानं जायला उतार, यायला चढ, त्यामुळे काकाजी वर्षातून एखाद्या वेळीच तिकडं जात. "उशीर तं नाई होनार?" ते म्हणाले. "अर्ध्या तासात जाऊ, अर्ध्या तासात येऊ," मी म्हणालो.

आता माझ्या सुटीचंही सांगायला हवं. माझ्या सगळ्या सुट्या संपलेल्या होत्या. मोटरीच्या नादात मी तीन दिवसांची आजारपणाची रजा टाकली होती. तापाचं सर्टिफिकेट ओळखीच्या डॉक्टरकडून आणलेलं. आधीच्या वर्षी असाच एकदा सापडलो होतो आणि मेमो मिळाला होता. पुन्हा सापडलो तर नोकरी जाईल, असं मला स्पष्ट सांगितलं गेलं होतं. आणि त्या दिवशी दुपारी बाराच्या गाडीनं माझाच सुपरवायझर माझ्याच गावात उतरणार होता. मी ठरवलं होतं, दहाला परत यायचं, काकाजींना घाटावर सोडायचं आणि घरी जाऊन पांघरूण घेऊन पडायचं. हे सारं मी काकाजींना हसत हसत सांगितलंही होतं. ते हसले नाहीत. "सांभाळून राहा जी," एवढंच म्हणाले.

गुरुवारी पहाटे निघालो. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. डोंग्याला मागं मोटर कसून बांधली. काकाजी नेहमीचा लांब बांबू डोंग्यात ठेवायला लागले, तर मी हात धरला. "मोटर असताना बांबू कायले काकाजी? मोटारसायकलले बैल जुपता का?" जागा अडते, म्हणालो. बांबू घाटावरच राहिला. काठावर त्यांची मुलगी गळाला लावायची गांडुळं घेऊन आली होती. डबा माझ्या हातात देत म्हणाली, "भाऊ, बाबाले टायमावर आना जी."

"दहाच्या आत," मी म्हणालो.

जाताना सगळं सुरेख झालं. मोटर एका दमात सुरू झाली, दोन्ही काठांवरचे कुत्रे भुंकत पळाले, आणि मी दांडा हातात धरून राजासारखा बसलो. डोहावर पोचून गळ सोडले. आठच्या सुमाराला दोरी अशी ओढली गेली की डोंगा फिरला. काकाजींनी पाऊण तास त्या माशाला खेळवला, दमवला आणि वर घेतला. आठ किलोच्या खाली नव्हता. त्यांचा चेहरा मी कधी एवढा खूश पाहिला नव्हता. सारखा ओल्या गोणपाटावर हात ठेवून बघत होते, मासा आहे ना खाली.

नऊला परत निघालो. हिवाळ्यात नदी उतरलेली असते, खडक पाण्याच्या जेमतेम खाली असतात. काकाजी समोर बसले होते. त्यांनी हात केला. "भाऊ, डावीकून घ्या. समोर दगड आहे, पान्याखाली."

"दिसून राहिला मले," मी म्हणालो. मला काहीही दिसत नव्हतं. सकाळपासून माझ्या हाताखाली ती मोटर एवढी छान चालली होती की कुणी सांगावं हे मला खपत नव्हतं.

खडाक् असा आवाज झाला. मोटर किंचाळली, मग नुसतीच घरघरायला लागली. पंखा फिरेना. हातांनी पाणी मारत कसेबसे वाळूच्या काठाला लागलो.

मी चादर अंथरली आणि मोटर उघडली. झाकण काढलं आणि मला तिथल्या तिथं सगळं कळलं. माझी पोलादी पिन शाबूत होती, जशी बसवली तशी. आतले गिअर फुटले होते. त्यांच्या दात्यांचे तुकडे तेलात पडले होते. ती पितळेची पिन मुद्दामच कच्ची ठेवलेली असते, तिनं तुटावं आणि आतलं यंत्र वाचावं म्हणून. एवढी साधी गोष्ट लेथवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला कळू नये! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

पण या लिहिण्याचं कारण ती पिन नाही. चूक माणसाकडून होते. कारण पुढं आहे.

काकाजी म्हणाले, "होईन का भाऊ?"

नऊ-सव्वानऊ वाजले होते. तेव्हा मी "नाही होणार" म्हणालो असतो, तर डोंगा तिथंच बांधून, मोटर वाळूत पुरून, मासा खांद्यावर टाकून काठाकाठानं आम्ही साडेअकराच्या आत गावात असतो. मी म्हणालो, "अर्ध्या तासात होते."

का म्हणालो? एक तर माझ्या हातून काही दुरुस्त होत नाही, हे त्या माणसासमोर कबूल करायला जीभ वळेना. दुसरं, पायवाट पुढं एसटीच्या सडकेला मिळते. थोडा जरी उशीर झाला तरी त्या सडकेवर बाराच्या गाडीतून उतरलेला सुपरवायझर मला तापात फणफणलेला नाही, तर चिखलानं भरलेला पाहील, ही भीती. चोराच्या मनात चांदणं. मी फुटलेले दाते पुसत बसलो. तार गुंडाळली, पिन काढली, घातली, पुन्हा काढली. काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी कामात असल्याचं सोंग केलं.

दहाला काकाजींनी विचारलं. "अर्धा तास," मी म्हणालो. अकराला ते म्हणाले, "राहू द्या जी, पायी जाऊ." मी म्हणालो, "आता झालंच." बाराला त्यांनी नुसतं सूर्याकडं बघितलं. मी मान वर केली नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांनी मला तिथं सोडून निघून जायचं होतं. त्यांच्या घरी पाहुणे, माझं काय. पण काकाजींचा एक नेम होता, त्यांच्या बापाचाही होता. डोंग्यात बसवलेल्या माणसाला त्याच्या घाटावर उतरवल्याशिवाय ढिवरानं घरी जायचं नाही. पुरात लोकांना नेताना हाच नेम त्यांनी पाळलेला मी पाहिला होता. दुपारी एकला त्यांनी एकदाच विचारलं, "भाऊ, तुमी येथं बसता का, मी जाऊन येतो? पोरीच्या मायचा जीव लागला असन." म्हणजे ते माझी परवानगी मागत होते. मी "जा" म्हणालो असतो तर त्यांचा नेमही मोडला नसता. तेव्हाही पायी निघाले असते तर तीनपर्यंत पोचले असते, आणि पाहुण्यांची परतीची गाडी पाचची होती.

मी म्हणालो, "काकाजी, मले पोहता येत नाई. एकटा डोंगा घेऊन मी काय करू?"

मी काठावर होतो. कोरड्या वाळूवर.

त्यांनी धोतर वर खोचलं, डोंग्याची दोरी खांद्यावर घेतली आणि प्रवाहाच्या उलट ओढायला लागले. बांबू असता तर निम्म्या वेळात गेलो असतो. तो घाटावर होता, माझ्या विनोदापायी. कुठं कमरेइतकं पाणी, कुठं छातीइतकं, पायाखाली शेवाळलेले गोटे. मी मोटर मांडीवर घेऊन डोंग्यात बसलो होतो. दोनदा म्हणालो, मी उतरतो, मी ओढतो. ते म्हणाले, "बसा." डोंग्यातल्या माणसाला ओढायला लावत नाहीत, म्हणून असेल, किंवा मला पाण्यातलं चालता येणार नाही आणि आणखी वेळ जाईल म्हणून असेल. मी बसलो.

घाटाला लागलो तेव्हा दिवस मावळत होता. काठावर काकाजींची बायको उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "गेले. साडेचारपर्यंत वाट पाहिली." पाहुण्यांचे पाय धुवायला बाप दारात नव्हता. जेवणात वरणभात आणि वांग्याची भाजी. कुणी तरी म्हणालं की तो नदीवर पिऊन पडला असेल, आणि मुलाच्या बापानं भाताचं ताट अर्धं ठेवून हात धुतले. मुलगी घरातच होती. बाहेर आली नाही.

काकाजींचे ओठ निळे पडले होते. तरी त्यांनी आधी मला हात देऊन काठावर उतरवलं. मग बायकोला मासा दाखवला. तिनं घरी नेऊन तो कापला आणि माझा अर्धा वाटा पळसाच्या पानात बांधून आमच्या घरी पाठवला. तो मी घेतला. आईनं रांधला आणि मी जेवलो.

शनिवारी मी कामावर हजर झालो. सकाळी दहा-साडेदहाला सुपरवायझर माझ्या मशीनपाशी आला. हळू आवाजात म्हणाला, "ताप उतरला का? एक सांग. तू तर त्याच गावचा. तो म्हातारा गुरुवारी कुठं गेला होता? तूच सांगितलं होतंस माणूस सोन्यासारखा म्हणून."

लेथ चालू होता. मी तो बंद केला नाही, म्हणजे मोठ्यानं बोलावं लागावं आणि फार बोलणं होऊ नये. "काय माहीत, साहेब," मी म्हणालो. "मी तर तापानं घरी पडून होतो."

तो निघून गेला. मंगळवारी कळलं की सानगडीवाल्यांनी नाही म्हणून निरोप पाठवला.

पुढल्या वर्षी ती मुलगी बपेरा गावी दिली. नवरा बिजवर, पदरात दोन मुलं. लग्नाला मी गेलो होतो, वाढायलाही उभा राहिलो. तिनं मला वाकून नमस्कार केला. काकाजी माझ्याशी नेहमीसारखेच वागत. गावी गेलो की मासा पाठवत, खुशाली विचारत. त्यांनी एकदा जरी शिवी दिली असती तर मी त्यांच्या पायांवर पडलो असतो. ती सोयही त्यांनी मला दिली नाही. चौथ्या वर्षी ते वारले.

त्यानंतर सुपरवायझर रिटायर झाला. हारतुरे, फोटो झाले, कँटीनमध्ये चहा होता. जुन्या गोष्टी निघाल्या. तो माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "तुमच्या गावचा तो ढिवर गेला म्हणे. माझ्या मनात त्याची एक गोष्ट राहून गेली बघ." मी बशीत चहा ओतत होतो.

"पाहुणे परत आले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी स्कूटरनं एकटाच त्याच्याकडं गेलो होतो," तो सांगू लागला. "पोरगी मला आवडली होती. म्हटलं, खरं काय ते विचारावं. त्याला म्हणालो, प्यायला होतास का? नाही म्हणाला. कुठं होतास? नदीवर. कोण होतं सोबत? तर गप्प. खूप विचारलं, तर म्हणाला, 'साहेब, दोन दिवस थांबा. ज्याले सांगायचं आहे थो सोता येऊन सांगन. नाई आला, तं तुमाले जे करायचं थे करा.' दोन दिवस थांबलो मी. मेव्हण्याला थांबवून धरलं. शनिवारी तुलाही विचारलं, आठवतं? रविवारी तर दिवसभर घर सोडलं नाही, न जाणो कोणी येईल. कोणी आलं नाही. मग मीही नाद सोडला."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "तू तिथलाच. तुला काय वाटतं, कोण येणार होतं?"

"काय माहीत, साहेब," मी म्हणालो.

पहिल्या वेळी निदान नोकरीची भीती होती. या वेळी तो माणूस रिटायर झालेला होता, आणि मला कशाचीच भीती नव्हती.